बेटावरचं म्हातारपण आणि आपला हिशेब

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू राहू द्या, भाकरी तव्यावर असेल तर ती करपू देऊ नका, पण कान इकडे द्या. आज आम्ही तुम्हाला जरा लांब घेऊन जाणार आहोत. समुद्रापलीकडे, एका बेटावर.

झालं असं, की मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली आणि चहा होईपर्यंत एकीनं मोबाईलवर एक चित्रफीत लावली. निळं पाणी, पांढरी वाळू, माडाची झाडं आणि खुर्चीत पाय पसरून बसलेलं एक म्हातारं जोडपं. परदेशी असावं. खाली लिहिलं होतं, बेटावर निवांत निवृत्ती. आम्ही सगळ्या हसलो. आमच्यातल्या आक्का मात्र हसल्या नाहीत. आक्कांचं वय अठ्ठावन्न. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "गं पोरींनो, असं बसायला महिन्याला किती पैसे लागत असतील?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. तेव्हा आम्ही ठरवलं, एक खरं बेट घ्यायचं आणि तिथं म्हातारपण कसं जातं ते नीट समजून घ्यायचं. बेट निवडलं मॉरिशस. कारण तिथं आपली माणसं आहेत.

मॉरिशस हे हिंदी महासागरात आफ्रिकेच्या पूर्वेला आहे. मुंबईहून विमानानं सहा-सात तास. सगळा देश मिळून लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याहूनही कमी. आपल्याकडे कडाक्याची थंडी असते तेव्हा तिथं उन्हाळा असतो, आणि आपल्याकडे पाऊस लागतो तेव्हा तिथं गारवा. उसाचं रान मात्र अगदी आपल्यासारखं.

त्या उसानंच आपली माणसं तिथं नेली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी हिंदुस्थानातून करारावर आणलेल्या मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईस बंदरात उतरली. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांवर माणसं अशी गेली. बहुतेक बिहारकडची आणि दक्षिणेकडची. पण मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसंही गेली. मजूर जिथं उतरायचे त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ पासून ती जागतिक वारसा म्हणून जपली जाते. तिथली मराठी घरं आज बहुतेक क्रियोल भाषेत बोलतात. पण शाळेत मराठी शिकता येतं, गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते आणि गणपतीपुढे जाखडी नाचली जाते.

आता त्या मजुरांचं ऐका. करार पाच वर्षांचा, मजुरी महिन्याला पाच रुपये. आणि एक दिवस कामाला गेलं नाही, तर मजुरी कापायची दोन दिवसांची. मैत्रिणींनो, हे ऐकून आम्ही एकमेकींकडे बघितलं. आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या टोळीत खाडा म्हणतात तो याचाच भाऊ. ज्या माणसाच्या एका खाड्याला दोन दिवसांचा दंड, त्यानं म्हातारपणाचा विचार कधी करायचा? हातपाय चालतात तोवर ऊस, ते थांबले की मुलांच्या दारात.

त्या माणसांनी मग काय केलं? पैपै साठवली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मळेवाले आपल्या जमिनी तुकडे पाडून विकू लागले, तेव्हा ज्यांना जमलं त्यांनी ते तुकडे घेतले. गावोगाव बैठका उभ्या राहिल्या. बैठका म्हणजे संध्याकाळी जमायची खोली. तिथं मुलांना अक्षरं शिकवायची, अडल्यानडल्याला मदत करायची. आपल्या बचत गटाची आठवण येते ना?

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येऊ. बाहेरच्या माणसाला तिथं जाऊन म्हातारपण घालवता येतं का? येतं. मॉरिशस सरकार पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून राहायचा परवाना देतं. अट अशी, की दर महिन्याला ठराविक मोठी रक्कम बाहेरून डॉलरसारख्या चलनात तिथल्या बँकेत आणायची. परदेशी माणसाला वाटेल तिथं घर घेता येत नाही, बहुतेक वेळा सरकारनं मान्य केलेल्या योजनांतलंच घ्यावं लागतं आणि ती घरं महाग असतात. म्हणजे चित्रफितीतलं ते जोडपं आयुष्यभराची कमाई दुसऱ्या देशात करून इथं आलेलं. ते आपलं गणित नाही, हे सरळच आहे.

पण आम्हाला जास्त उपयोगाचा वाटला तो दुसरा प्रश्न. त्या जोडप्याची खोली झाडणारी, आयुष्यभर ऊस तोडलेली किंवा फक्त घर सांभाळलेली तिथली बाई साठीला पोचते, तेव्हा तिच्या हातात काय असतं?

तिच्या हातात पहिली गोष्ट असते, स्वतःचा पैसा. मॉरिशसनं १९५० साली म्हाताऱ्यांसाठी पेन्शन सुरू केली. तेव्हा ती फक्त गरिबांना होती. गरीब आहे हे दाखवावं लागायचं. मग १९५८ साली, देश अजून इंग्रजांच्या ताब्यात असतानाच, ती सगळ्यांना केली. नोकरी केली की नाही, हप्ते भरले की नाही, नवरा काय कमावतो, मुलगा कुठं आहे, हे कुणी विचारायचं नाही. नागरिक असली, ठराविक वर्षं देशात राहिलेली असली आणि वयाची साठ वर्षं पूर्ण झाली, की पेन्शन चालू व्हायची. २०२५ साली ही रक्कम महिन्याला पंधरा हजार मॉरिशस रुपये होती. त्यांचा एक रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास जातो.

यात आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू? ही पेन्शन बाईच्या स्वतःच्या नावावर येते. आयुष्यभर चूल सांभाळलेल्या, एकही पगाराचा कागद नसलेल्या बाईच्या नावावर. तिला नातवाला खाऊ द्यायचा असेल, माहेरी जायचं असेल, दात बसवायचे असतील, तर तिला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आणि मागताना आपण लाचार आहोत असं सांगावं लागत नाही, कारण शेजारच्या बंगलेवालीलाही तीच पेन्शन मिळते. २००४ साली तिथल्या सरकारनं ठरवलं, की ज्यांचं उत्पन्न बरं आहे त्यांची पेन्शन थांबवायची. लोकांना ते पटलं नाही. पुढच्याच वर्षी निवडणुकीत सरकार बदललं आणि सगळ्यांची पेन्शन परत सुरू झाली.

पण मैत्रिणींनो, गोड तेवढंच सांगून आम्ही थांबणार नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात तिथल्या सरकारनं जाहीर केलं, की पेन्शनचं वय साठवरून टप्प्याटप्प्यानं पासष्टवर न्यायचं. कारण काय? म्हातारी माणसं वाढली, मुलं कमी जन्मतात, तिजोरीवर भार झाला. लोक रस्त्यावर उतरले. आणि का उतरणार नाहीत? एखादी धुणीभांडी करणारी एकोणसाठ वर्षांची बाई डोळ्यांसमोर आणा. पुढच्या वर्षी काम सोडायचं म्हणून तिनं मनाची तयारी केलेली. आणि कुणीतरी सांगतं, बाई, अजून थांब. गुडघे काही अर्थसंकल्प वाचून दुखायचे थांबत नाहीत. एवढा चांगला सरकारी आधार, तोही हलू शकतो. म्हणून म्हातारपण एकाच खांबावर उभं करू नये.

दुसरी गोष्ट, डोक्यावरचं छप्पर. चित्रफितीत समुद्र नेहमी शांत असतो. खऱ्या बेटावर नोव्हेंबर ते मे वादळांचा हंगाम असतो. १९६० साली जानेवारीत अलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरोल अशी दोन चक्रीवादळं लागोपाठ आली. गवताची, लाकडाची, पत्र्याची हजारो घरं गेली. त्यानंतर बेटावर सिमेंटच्या घरांवर भर दिला गेला. आज तिथं वादळाचे इशारे पायरीपायरीनं दिले जातात आणि ते रेडिओवर सांगतात. पाणी भरून ठेवायचं, मेणबत्त्या, कोरडं खाणं, औषधं जवळ ठेवायची, दारंखिडक्या बंद करून घरात बसायचं. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर गाड्या पाण्यात वाहिल्या. म्हातारपणी घर समुद्राच्या किती जवळ आहे यापेक्षा ते किती मजबूत आहे आणि कुणाच्या नावावर आहे, हे आधी बघायचं असतं.

तिसरी गोष्ट, दवाखाना आणि तिथवर जायची सोय. मॉरिशसमध्ये सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, आणि २००५ पासून ज्येष्ठांना बसचा प्रवास फुकट आहे. एक सांगितलं आणि दुसरं नाही तर अर्थ राहत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दवाखाना फुकट आहे, पण वडापला द्यायला पैसे नाहीत म्हणून किती जणी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जात नाहीत! आपल्याच गटात मोजा.

चौथी गोष्ट, माणसं. तिथं गावोगाव ज्येष्ठांची मंडळं आहेत. समुद्रकाठी सरकारनं ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं बांधली आहेत. मंडळाच्या बाया मिळून तिथं जातात, दोन दिवस राहतात, गातात, नाचतात. याला आम्ही चैन म्हणणार नाही. कारण तिथलीही पोरं कामासाठी परदेशी जातात. फ्रान्सला, इंग्लंडला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला. मागं मोठं घर आणि एकटी आई. आपल्याकडे पोरं पुण्या-मुंबईला जातात, एवढाच फरक.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे महागाई. बेटावर ऊस भरपूर, पण तांदूळ, गहू, डाळ, तेल, औषधं, पेट्रोल, बरंचसं सगळं जहाजानं बाहेरून येतं. बाहेर भाव वाढला की बेटावरच्या म्हातारीच्या ताटात तो लगेच दिसतो. २०२० साली करोनात पर्यटक थांबले, बाहेरून येणारा पैसा आटला, आणि पुढं वस्तू महागल्या. म्हणून आज पुरतात तेवढे पैसे दहा वर्षांनी पुरतीलच असं धरून चालता येत नाही. हे बेटालाही लागू आणि आपल्या गावालाही.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत आक्कांना सांगितलं. पैसा, छप्पर, दवाखाना, माणसं आणि महागाई. आक्का म्हणाल्या, "मग आता माझं मांडा."

मांडायला बसलो, आणि मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलायचं, आमचाच आवाज बसला. आक्कांचे मालक जाऊन आठ वर्षं झाली. घर आणि दीड एकर रान अजून मालकांच्या आणि दिरांच्या नावावर. वारस नोंद केलेलीच नाही. गटातली बचत आहे, पण ती दोनदा दुसऱ्यांच्या अडचणीला गेली. गळ्यातले चार मणी मुलीच्या बाळंतपणात मोडले. रोजानं जातात, पण गुडघा धरलाय. मुलगा चांगला आहे, पण त्याचा संसार शहरात, भाड्याच्या खोलीत.

"तुम्ही संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज का नाही केला?" आम्ही विचारलं. त्या योजनेत गरीब विधवा बाईला पासष्टच्या आतही अनुदान मिळतं. आक्का बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला मुलगा आहे. दीर आहेत. निराधार म्हणून नाव लावलं तर त्यांच्या तोंडाला काळं नाही का लागणार?"

इथं आम्हाला ते १९५८ साल आठवलं. तिथल्या बाईला निराधार म्हणवून घ्यावं लागलं नाही, ती नुसती साठ वर्षांची झाली. आपल्याकडे नाव तसं आहे आणि उत्पन्नाची अटही आहे. पण नावाला लाजून हक्काचा पैसा सोडायचा का? तो कुणाच्या खिशातून दिलेला धर्म नाही. आयुष्यभर आपण मीठ-साखरेपासून साबणापर्यंत जे विकत घेतलं, रानात जे पिकवलं, त्यातूनच हा देश चालला. हे आम्ही आक्कांना सांगितलं, आणि ज्यांना ज्यांना असं वाटतं त्या सगळ्यांना आज सांगतोय.

आता प्रत्येकीनं काय करायचं ते ऐका. वहीचं एक पान घ्या. पेन येत नसेल तर नातीला बसवा. वरच्या पाच गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे आपलं काय आहे ते मांडा.

पैसा. महिन्याचं दळण, तेल, गॅस, वीज, औषध, मोबाईलचा रिचार्ज, देणंघेणं, सगळं मांडा. एकटीला महिन्याला किती लागतात, हा आकडा प्रत्येकीला तोंडपाठ हवा. तुमचं वय अठरा ते चाळीसमध्ये असेल, बँकेत खातं असेल आणि आयकर भरत नसाल, तर अटल पेन्शन योजना आहे. तिसाव्या वर्षी सुरू केली तर महिन्याला ११६ रुपये भरून साठीनंतर महिन्याला हजार रुपये मिळतात, ५७७ भरले तर पाच हजार. चाळिसाव्या वर्षी सुरू केली तर त्याच हजारासाठी २९१ भरावे लागतात. म्हणजे उशीर महाग पडतो. आणि तीस वर्षांनी हजाराला आजचं मोल नसणार, म्हणून झेपेल तेवढं वरचं घ्या. गटातल्या सुनांना, लेकींना हे आजच सांगा. वय पासष्ट झालं असेल आणि उत्पन्न अटीत बसत असेल, तर श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करा. या योजनांचं अनुदान महिन्याला दीड हजार रुपये आहे. थोडं आहे, पण आपल्या नावावर आहे.

छप्पर. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा काढा. त्यावर नवऱ्याबरोबर आपलं नाव आहे का बघा. नसेल तर दोघांच्या नावानं लावून घ्या. मालक नसतील तर घरासाठी ग्रामपंचायतीत आणि रानासाठी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा. भांडण म्हणून नाही. सगळे गोडीत आहेत तेव्हाच करा, कारण गोडी संपल्यावर सही मिळत नाही.

दवाखाना. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. बघा, आपल्याकडेही सगळ्यांना मिळणारी एक गोष्ट आली. एस.टी.त पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आणि बायांना अर्धं तिकीट आहे, ते लक्षात असू द्या.

माणसं. आजारी पडलो तर रात्री कुणाला हाक मारायची, ती तीन नावं लिहा. तीन नावं सुचली नाहीत, तर ती आत्तापासून जोडा. गटाचा उपयोग कर्जापुरताच ठेवू नका. आमच्या गटानं ठरवलंय, ज्या साठीच्या पुढच्या आहेत त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा कुणीतरी डोकावायचं. काम नसलं तरी.

आणि महागाई. त्यासाठी थोडं तरी असं ठेवा, जे दर वर्षी काही देत राहील. दोन शेळ्या, चार कोंबड्या, परसातला शेवगा, बांधावरचं लिंबू. सगळं बँकेतच हवं असं नाही.

आक्कांचं पुढं काय झालं, तर गेल्या सोमवारी आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर तलाठ्याकडे गेल्या. मृत्यूचा दाखला शोधून काढला, अर्ज दिला, पोच घेतली. नोंद अजून व्हायची आहे. दिरांना आक्कांनी स्वतःच सांगितलं. ते आधी घुम्यासारखे बसले, मग म्हणाले, "वहिनी, आधी बोलायचं ना." निराधार योजनेचे कागद जमवणं चालू आहे. उत्पन्नाचा दाखला अडलाय. तो मिळेल की नाही, अर्ज मंजूर होईल की नाही, आज सांगता येत नाही. झालं की याच कार्यक्रमात सांगू, नाही झालं तरी सांगू.

परवा आक्का परत ती चित्रफीत बघत होत्या. आम्ही विचारलं, "काय आक्का, जायचं का मॉरिशसला?" त्या म्हणाल्या, "गणपतीत जाखडी बघायला जाईन हो एकदा. राहायला मात्र माझं घर बरं. आधी माझं नाव तर लागू दे त्याच्यावर."

मैत्रिणींनो, तुमचं पान भरून झालं की गटाच्या पुढच्या बैठकीत घेऊन या. मोठ्यानं वाचा. लाजू नका, प्रत्येकीच्या पानावर कुठंतरी रिकामी जागा असणारच आहे. ती कशी भरायची हे एकटीला सुचत नाही, दहा जणींना सुचतं.

येतो आम्ही. काळजी घ्या, आणि औषधाची गोळी चुकवू नका. नमस्कार!